कवडसे गोलच का पडतात?

निवांत

पाय प्लास्टरमध्ये आहे. सहा आठवडे सांगितलेत, तिसरा चालू आहे. पहिल्या आठवड्यात बघण्यासारखं संपलं, दुसऱ्यात वाचण्यासारखं, आता भिंत उरली आहे.

खोलीच्या खिडकीला जुनी लाकडी झडप आहे. दुपारी झोपायचं म्हणून ती लावली की अंधार होतो आणि चार कवडसे आत येतात. आधी फरशीवर, तिथे ते चांगले लांबट असतात. मग हळूहळू भिंतीवर चढतात आणि चढले की गोल होतात. चौथा जरा अंडाकृती आहे, पण गोलातच धरा. पाचच्या पुढे कपाटाच्या कडेवर मोडतात, अर्धे भिंतीवर, अर्धे कपाटावर, आणि मग ऊनच जातं.

तीन दिवस नुसता बघत होतो. चौथ्या दिवशी डोक्यात आलं, की झडप इतकी जुनी, लाकूड तडकलेलं, फटी वेड्यावाकड्याच असणार. मग ऊन गोल कसं? चौकोनी खिडकीतून चौकोनी ऊन येतं, दारातून दाराच्या आकाराचं. फटीनेच काय घोडं मारलंय?

प्रश्न धागा काढण्याच्या लायकीचा नाही, कबूल. पण डोक्यात शिरल्यापासून जात नाही. आणि त्याच्या मागोमाग दुसरा आलाय: आजचा कवडसा हा कालचाच का? मी मनात "आला" असं म्हणतो, "नवा आला" असं नाही म्हणत.

उंबरठा

रुमाल टाकून ठेवते. पाय लवकर बरा होवो, पण धागा रंगेपर्यंत नको. (हलके घ्या.)

पाचवा_कोन

निवांतराव, तो गोल फटीचा नाहीच. सूर्याचा आहे. तुमच्या भिंतीवर रोज दुपारी सूर्याची चार चित्रं पडतात, तीही उलटी. सूर्य गोल असल्यामुळे उलटसुलट कळत नाही एवढंच. एखादा ढग सूर्यावरून सरकताना कवडशाकडे बघा, तिथे तो विरुद्ध दिशेने जाईल.

हे कसं होतं ते असं समजा. चौकोनी खोडरबराला शाई लावली आणि एका ताटलीएवढ्या वर्तुळात दाटीवाटीने ठसे मारले. शेजारी उभं राहून बघितलं तर कडेला चौकोनांचे कोपरे दिसतील, चार पावलं मागे गेलात तर नुसतं वर्तुळ. सूर्याचा प्रत्येक बिंदू फटीतून आपला एकेक ठसा भिंतीवर मारतो. ठसा फटीच्या आकाराचा, पण ठशांची मांडणी सूर्याच्या आकाराची. मांडणीपुढे ठसा लहान असला की फटीचा आकार हरवतो.

सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापतो. त्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे. म्हणून भिंत फटीपासून ३ मीटरवर असेल तर चित्र ३०० भागिले १०७, म्हणजे २.८ सेंटिमीटर. फट त्याहून बरीच लहान हवी. १ मीटरच्या खिडकीलाही हाच नियम आहे, फक्त तिच्यातून गोल ऊन बघायला भिंत १०७ मीटरच्या बरीच पलीकडे न्यावी लागेल.

शंकासुर

उत्तर ठीक. माझा प्रश्न धागाकर्त्याला आहे. फटी वेड्यावाकड्या आहेत हे पाहिलंत, की "असणार"?

निवांत

असणार. उठता येत नाही हो. खिडकी पलंगाच्या डोक्याच्या बाजूला, तिथवर लंगडत जायला डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मिळून बंदी घातली आहे.

पण १०७ ऐकून मी अर्धा तास गप्प होतो. तीन आठवडे सूर्य बघतोय आणि मला वाटतंय की झडपेची दुरुस्ती राहिली आहे.

गोगलगाय

अगदी हेच आरशाने होतं! लहानपणी आरशाचा चौकोनी तुकडा घेऊन आम्ही कवडसे पाडायचो. जवळच्या भिंतीवर चौकोनी पडायचा, कोपरे कापल्यासारखे स्पष्ट. मैदानापलीकडच्या इमारतीवर नेला की गोल, मोठा, फिकट. मला वाटायचं लांब जाताना कोपरे झिजतात. नदीतल्या गोट्यासारखे. कुणाला विचारलं नाही, कारण झिजतात हे मला पटलेलंच होतं. इतकी वर्षं तेच उत्तर घेऊन फिरतेय, आज कळलं.

जुनी_वही

गोगलगायताई, तुमच्या जोडीला मोठी माणसं आहेत. ॲरिस्टॉटलच्या नावावर जो प्रश्नसंग्रह आहे त्यात नेमका हाच प्रश्न येतो: चौकोनी छिद्रांतून, उदाहरणार्थ विणलेल्या टोपलीतून, आलेलं ऊन गोल का? ग्रहणात चाळणीतून, झाडाच्या पानांतून किंवा एकमेकांत अडकवलेल्या बोटांतून ऊन पाडलं तर जमिनीवर चंद्रकोरी का दिसतात, हेही तिथेच विचारलंय. म्हणजे उत्तराची किल्ली प्रश्नाशेजारीच ठेवलेली होती. तिथे दिलेल्या उत्तरांत एक असं, की कोपऱ्यांतून येणारे किरण दुबळे, म्हणून दिसत नाहीत. हे तुमच्या झिजण्याच्या घरातलंच झालं.

पुरतं उत्तर केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६०४ साली छापलं, आणि त्याने ते शोधलं कसं ते वाचून मला फार आनंद झाला होता. त्याने उंचावर एक पुस्तक ठेवलं, हा सूर्य. खाली फळी, तिला बहुकोनी भोक. पुस्तकाच्या एका कोपऱ्याला दोरा बांधून तो भोकाच्या कडेला घासत जमिनीपर्यंत ताणला आणि दोरा जिथे जिथे टेकला तिथे खडूने रेघ. मग दुसरा कोपरा, मग तिसरा, मग पुस्तकाच्या कडा. जमिनीवर भोकाच्या आकृत्या एकीवर एक साचत गेल्या आणि सगळ्या मिळून जे तयार झालं ते पुस्तकासारखं चौकोनी! पाचवा_कोन यांच्या खोडरबराचा थोरला भाऊ.

तिरकस

छान. आता हे कळलं. पुढे काय? निवांतरावांना कवडसा काल जितका गोल दिसत होता तितकाच उद्या दिसणार. गोगलगायताईंच्या झिजलेल्या कोपऱ्यांत जास्त मजा होती असं माझं मत.

गोगलगाय

अंशतः सहमत, आणि तेच खुपतंय. झिजणारे कोपरे माझे होते.

निवांत

मला उलटं वाटतं. आज चार वाजल्यापासून वाट बघत होतो, मॅच असल्यासारखी. भाची आली होती (वय ९). तिने पेन्सिलीने एका कवडशाभोवती भिंतीवर गोल काढला, घरच्यांची परवानगी न घेता. अडीच मिनिटांत कवडसा गोलातून पूर्ण बाहेर! मग दुसरा गोल, तिसरा. तिने विचारलं, "मामा, हा पळतोय कुठे?" मी म्हटलं, तो कुठे पळत नाही, आपण फिरतोय, पलंग, कपाट, तू, सगळे. तिने पलंगाची कड घट्ट धरली. मी हसलो, पण खरं सांगू, क्षणभर मलाही धरावीशी वाटली.

जुनी_वही

यातून मला एक गोष्ट सुचते. फट मोठी असते तेव्हा ती स्वतःचाच आकार भिंतीवर उमटवते. ती लहान होत जाते तसा तिचा आकार पुसला जातो आणि सूर्य उमटतो. आपलंही असंच नसेल का? बघणारा जितका लहान होईल तितकं दिसणारं खरं...

शंकासुर

थांबा. आली का निरूपणाची गाडी. वहीबाई, आदर ठेवून तीन हरकती.

पहिली, फट लहान केली की चित्र रेखीव होतं, पण अंधूकही होतं. प्रकाशच कमी येतो. बघणारा पुरता नाहीसा झाला तर रेखीव नव्हे, काहीच दिसणार नाही.

दुसरी, एका मर्यादेखाली रेखीवपणाही जातो. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. ३ मीटर अंतरासाठी साधारण २ ते अडीच मिलिमीटरचं छिद्र सर्वांत चांगलं. सुईच्या टोकाने ०.१ मिमीचं पाडलंत तर सूर्याचं चित्र पसरून दुप्पट होईल. म्हणजे निसर्गाचं म्हणणं "लहान व्हा" असं नाहीच. "अडीच मिलिमीटर व्हा" असं आहे. आता यावर प्रवचन करून दाखवा.

तिसरी हरकत मला सर्वांत आवडते. टायको ब्राहे, दुर्बिणीच्या आधीच्या काळातला सर्वांत काटेकोर निरीक्षक. त्याला मोजमापांत आढळलं, की सूर्यग्रहणातला चंद्र पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा लहान भरतो. चंद्र आकसतो की काय? आकसत काही नव्हतं. ग्रहण तो छिद्रातून पाडलेल्या चित्रावर मोजत होता, आणि छिद्राची रुंदी सूर्याच्या उजेडाला चहूकडून थोडी फुगवत होती. फुगलेला उजेड चंद्राच्या कडा खात होता. केप्लरने १६०० सालचं ग्रहण स्वतः पाहिलं आणि ही गोम पकडली. छिद्र लहान करून प्रश्न सुटला नाही. छिद्र केवढं आहे ते मोजून वजा केल्यावर सुटला.

जुनी_वही

तिन्ही मान्य. प्रवचन मागे घेते. पण "स्वतःला मोजून वजा करा" हे जास्त चांगलं प्रवचन आहे, आणि ते तुम्ही केलंत. :)

शंकासुर

:( फसलो.

उंबरठा

रुमाल उचलून बसले. माझा अडाणी प्रश्न: तुम्ही सगळे फट, भोक, छिद्र करताय. पण भोक ही वस्तू आहे का? झडपेत लाकूड आहे. भोक म्हणजे जिथे लाकूड नाही ती जागा. मग "नाही" ला ५ मिमी रुंदी कशी असते? आणि गोल "नाही" व चौकोनी "नाही" असे प्रकार कसे?

जुनी_वही

अडाणी कसला, यावर आपल्याकडे शतकानुशतकं भांडण झालंय. वैशेषिक हे आपल्या जुन्या दर्शनांपैकी एक, त्यांचे मूळ पदार्थ (म्हणजे जे जे आहे त्याचे प्रकार) सहा. पुढे न्याय-वैशेषिक परंपरेत सातवा आला, अभाव. "जमिनीवर घट नाही" हे वाक्य नुसत्या जमिनीबद्दल नाही, तिथे घटाचा अभाव हे खरोखर काहीतरी आहे, असा त्यांचा दावा. मीमांसा या दुसऱ्या दर्शनातले, प्रभाकराच्या मताचे मीमांसक म्हणाले, उगाच गर्दी करू नका. रिकामी जमीन दिसते, तेवढंच आहे. गंमत म्हणजे मीमांसकांचाच दुसरा गट, कुमारिलाचा, अभाव कळायला वेगळं प्रमाणसुद्धा मानतो: अनुपलब्धी. म्हणजे "दिसायला हवं होतं, दिसलं नाही" हेच ज्ञानाचं साधन.

पाश्चात्त्यांकडे १९७० साली डेव्हिड आणि स्टेफनी लुइस या दोघांनी फक्त भोकांवर एक लेख लिहिला, दोन पात्रांच्या संवादात. त्यातला एक गडी हट्टी जडवादी. तो म्हणतो भोक म्हणजे भोकाचं अस्तर, भोवतीचा पदार्थ. दुसरा त्याला घेरत राहतो.

तिरकस

मी अस्तरवाल्याच्या बाजूने. भोकाला कड असते म्हणता, ती कड लाकडाची. भोक मोठं केलं म्हणता, लाकूड कमी केलेलं असतं. सगळी मेहनत लाकडाची आणि नाव भोकाचं.

उंबरठा

मग निवांतरावांच्या भिंतीवर सूर्य कुणी पाडला? लाकडाने? लाकूड तर अडवत होतं.

तिरकस

अडवलं म्हणूनच पडला! झडप काढून टाका, ऊन भरपूर, कवडसा एकही नाही. अख्खी खिडकी उघडी असते तेव्हाही भिंतीवर सूर्याची असंख्य चित्रं पडतच असतात, एकमेकांवर चढून त्यांचा नुसता उजेड होतो. लाकूड त्यातली बाकीची खोडतं आणि चार ठेवतं. (हे लिहिल्यावर मलाच जरा बरं वाटलं.)

पाचवा_कोन

तिरकसराव, शंभर टक्के बरोबर. लिहून ठेवतो, वारंवार होत नाही.

निवांत

मध्येच एक: कवडशात धूळ नाचताना दिसते ती भिंतीवरच्या गोलापेक्षा जास्त वेळ बघतोय सध्या. पट्टा दिसतो तो उन्हाचा, की धुळीचा?

पाचवा_कोन

धुळीचा. प्रकाश बाजूने दिसत नाही, डोळ्यात येईल तेव्हाच दिसतो. धूळ त्याला तुमच्याकडे वळवते.

जुनी_वही

त्या कणालाही जुना शब्द आहे, त्रसरेणू. झरोक्यातून आलेल्या उन्हात दिसणारा तो सर्वांत बारीक कण. न्याय-वैशेषिकांनी तिथूनच मोजायला सुरुवात केली: दोन परमाणूंचं एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा एक त्रसरेणू, म्हणजे सहा परमाणू. दिसण्याची हद्द कवडशाने ठरवली आणि पलीकडे तर्काने गेले. सहा हा आकडा सपशेल चुकला, पण निघाले ते योग्य खिडकीतून.

पाचवा_कोन

आणि त्या नाचाला अणूंचा धक्का समजू नका, तो बहुतेक सगळा हवेच्या झुळुकांचा असतो. अणूंच्या धक्क्याने होणारी थरथर फार बारीक, सूक्ष्मदर्शकातली. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये पाण्यातल्या परागांच्या कणांत पाहिली, आइन्स्टाइनने १९०५ मध्ये तिचा हिशेब मांडला.

तिरकस

मी काल गच्चीवर गेलो होतो. (होय, या धाग्यामुळे. हसू नका.) विजेच्या खांबाची सावली रस्त्यावर ठळक, तारेची मात्र धड दिसत नाही. वरून घार गेली, तिची सावली शोधली, सापडली नाही. हाही अर्ध्या अंशाचाच प्रताप का?

पाचवा_कोन

तोच. गडद सावली वस्तूच्या रुंदीच्या साधारण १०७ पट अंतरापर्यंतच पोचते, पुढे सूर्य कडेकडेने डोकावायला लागतो. १ सेंमीची तार, तर १ मीटरच्या जरा पुढे. पक्ष्याचं अंग १५ सेंमी धरलं तर १६ मीटर. घार त्याच्या कितीतरी वर.

आता तोच गुणाकार चंद्रावर करा. व्यास ३४७४ किमी, गुणिले १०७, येतात सुमारे ३ लाख ७२ हजार. चंद्राचं अंतर बदलत राहतं, साधारण ३ लाख ५६ हजार ते ४ लाख ६ हजार किमीच्या दरम्यान. जवळ असला तर सावलीचं टोक पृथ्वीला टेकतं आणि खग्रास ग्रहण होतं. लांब असला तर टोक हवेतच राहतं, आपल्याला कंकणाकृती दिसतं. चंद्र कधी तार असतो, कधी खांब.

आणि १०७ मध्ये कुणी संकेत शोधू नका. पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल असल्याने वर्षभरात तो साधारण १०६ ते १०९ असा हलतो.

गोगलगाय

मी शेवटी करून बघितलं. पुठ्ठ्याला नखाएवढं त्रिकोणी भोक पाडलं. जमिनीपासून वीतभर वर धरलं तर उन्हाचा त्रिकोण. कमरेपर्यंत उचललं तर कोपरे फुगले. जिन्याच्या वरच्या पायरीवरून धरलं तर गोल. मग पुठ्ठा हळूहळू खाली आणला आणि गोलातून कोपरे परत फुटताना पाहिले. तिरकसराव, सांगायचं राहिलं होतं: झिजलेले कोपरे परत कधी फुटत नाहीत. हे फुटतात. माझ्या जुन्या उत्तरापेक्षा हे भारी आहे.

निवांत

बरं, आता माझा पराक्रम. भाचीच्या मदतीने टेप लावून सूर्य मोजला. भोकापासून कवडशापर्यंत ३४२ सेंमी. कवडशाची आडवी, अरुंद बाजू ३.६ सेंमी. सूर्याचं अंतर १५ कोटी किमी धरून व्यास आला १५ लाख ८० हजार किमी. खरा १३ लाख ९० हजारांच्या आसपास. पलंगावरून एवढं जमलं यावर मी खूश होतो, पण भाची म्हणाली, "चुकलंच की मग."

शंकासुर

भाचीला माझा नमस्कार सांगा. भोकाची रुंदी वजा केलीत का?

निवांत

भोक बघितलेलं नाही. टेपचं दुसरं टोक भाचीने डोळे मिटून, बोटाने चाचपून धरलं होतं. ऊन डोळ्यात जातं म्हणे.

शंकासुर

मग मोजा. टायकोची चूक चारशे वर्षांनी परत करू नका. सकाळी, त्या खिडकीत ऊन नसताना.

निवांत

मोजलं. घरी कुणी नसताना कुबड्या घेऊन खिडकीपाशी गेलो. ओरडू नका.

आधी आकडा: भोक ५ मिमी. ३.६ मधून ०.५ गेले, राहिले ३.१ सेंमी. व्यास १३ लाख ६० हजार किमी. भाची म्हणते, "चालेल."

आता दुसरी गोष्ट, जी लिहावी की नाही असा विचार करत होतो. चारांपैकी तीन भोकं चक्क गोल आहेत. ड्रिलची. पूर्वी तिथे कडी असणार, तिच्या स्क्रूंची. वेडीवाकडी फट एकच, दीड सेंटिमीटरची उभी चीर. आणि तिचाच कवडसा तो चौथा, अंडाकृती, ज्याला मी "गोलातच धरा" म्हणालो होतो.

उंबरठा

अगं बाई.

शंकासुर

म्हणजे ज्या पुराव्यावर धागा निघाला त्यात गोल भोकांतून गोल कवडसे पडत होते, आणि जी एकमेव फट वाकडी होती तिचा कवडसा गोल नव्हता.

निवांत

होय.

तिरकस

मग प्रश्न चुकीचा होता म्हणायचं का?

गोगलगाय

माझा पुठ्ठा त्रिकोणीच होता हो.

निवांत

पुढच्या सोमवारी प्लास्टर निघतंय. झडपेला नवी कडी बसवायला माणूस येणार होता, त्याला सोमवारनंतर ये म्हटलंय. भाचीने चिरेच्या कवडशाभोवतीही पेन्सिल फिरवून ठेवली आहे, तो एकच लांबट, बाकी सगळे गोल. भिंत रंगवायचा विषय घरात निघालाय, मी झोपेचं सोंग घेतलं आहे.